तैनाराची उचकी

वॉर्डात पोरांपाशी बसलेल्या सगळ्या आया होत्या, बाप एकटा जेनिवाल्दो. त्याची बायको जासीरा तिकडे गावी ओली बाळंतीण होती, म्हणून मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या पाच वर्षांच्या तैनाराला घेऊन साल्वादोरच्या या इस्पितळात तोच आला होता. जन्म गेला कसाव्याचे कंद उपटण्यात. वेणी कशी घालतात हे त्याला कुठून ठाऊक असणार? पहिल्याच दिवशी त्याने लेकीच्या केसांचं जे काही करून ठेवलं, ते बघून शेजारच्या खाटेपाशी बसलेली दोना मार्लुसी, म्हणजे मार्लुसीबाई, म्हणाली, "अहो सेउ जेनिवाल्दो, पोरीचे केस आहेत ते, गाढवाचं दावं नाही." सगळा वॉर्ड हसला. तोही हसला. त्या दिवसापासून तैनाराची वेणी मार्लुसी घालायची आणि तिच्या इगोरला उचलून रक्त धुण्याच्या मशीनपर्यंत जेनिवाल्दो न्यायचा. इगोरची मूत्रपिंडं केव्हाच बसली होती. एक दिवसाआड त्याला त्या मशीनला जोडावं लागे.

आजार परवडला, पण तहान नको, असं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी तैनाराला दिवसभरात एक छोटा पेला पाणी सांगितलं होतं आणि ते चमच्याचमच्याने पुरवायचं होतं. "पाइन्यो, एकच घोट," ती म्हणायची. पाइन्यो म्हणजे बाबा. जेनिवाल्दोच्या त्या कोरड्या मुलखात दारी आलेल्या वैऱ्यालासुद्धा कुणी पाण्यावाचून परत पाठवत नाही, आणि इथे त्याला पोटच्या पोरीला नाही म्हणावं लागत होतं. तिच्यासमोर पाणी पिणं त्याने सोडलं होतं. अगदीच घसा सुकला की संडासात जाऊन नळाला तोंड लावायचा आणि ओठ नीट पुसून बाहेर यायचा.

गावच्या नगरपालिकेची गाडी पेशंट घेऊन साल्वादोरला यायची. त्या गाडीच्या ड्रायव्हरकडून एके सकाळी जासीराची पिशवी आली. वर धुतलेले झगे आणि तळाशी परसातल्या झाडाची करंबळं, पिवळीधमक, पिकून मऊ झालेली.

बाहेरचं खाणं आणायला बंदी होती, हे त्याला माहीत होतं. कोणती फळं चालत नाहीत हेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पण नेमकं त्याच वेळी नर्स तैनाराच्या हातात सुई शोधत होती आणि त्याचे डोळे आणि कान सगळे त्या सुईकडे होते. केळं, संत्रं, शहाळं एवढंच त्याच्या ध्यानात राहिलं. करंबळ म्हणजे काही पाणी नव्हे, त्याने मनाशी म्हटलं. घरच्या झाडाचं फळ, त्याने कुणाचं काय वाईट होणार?

त्याने चाकूने आडव्या चकत्या कापल्या. करंबळाची प्रत्येक चकती म्हणजे एक चांदणी. तैनाराने एक चांदणी डोळ्याला लावली, दुसरी तोंडात टाकली, रस हनुवटीवर ओघळला आणि ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. त्याचा जीव सुपाएवढा झाला.

शेजारच्याला विचारल्याशिवाय घास तोंडात घालणं त्याच्या आईने त्याला शिकवलंच नव्हतं. "घ्या की, दोना मार्लुसी," त्याने चकत्या पुढे केल्या. अशा वेळी माणसं नको, तुम्हीच खा, म्हणतात. मार्लुसीनेही तेच म्हटलं, पण तिची नजर फळावरच राहिली. "इगोरसाठी दोन ठेवते," ती हळूच म्हणाली. "मशीनवरून आला की पाणी पाणी करतो." झाकणाच्या डब्यात घालून तिने त्या खाटेखाली सरकवल्या. जेनिवाल्दोने फोनवर जासीराला निरोप पाठवला, 'पोरीने करंबळ खाल्लं. हसली.'

जेवणवेळ टळली आणि तैनाराला उचकी लागली.

"कुणीतरी आठवण काढतंय," एक आई म्हणाली.

"आठवण कसली? लाल दोरा लावा, दोरा. एवढंही येत नाही या बाप्याला," दुसरीने चिमटा काढला.

त्याने आपल्या लाल सदऱ्याच्या काठाचा दोरा ओढून काढला, थुंकीने भिजवला आणि लेकीच्या कपाळाला चिकटवला. तान्ह्याची उचकी अशीच थांबते, हे तिकडे शेंबडं पोरही सांगेल. तैनाराची थांबली नाही. पाणी देता येत नव्हतं. मग तिला ओकारी झाली आणि ती त्याच्याकडे ओळख नसल्यासारखी बघू लागली.

नर्स आली. दोरा बघून तिने कपाळाला आठी घातली. "ही उचकी कधीपासून? बाहेरचं काही दिलंत का?"

चोराच्या मनात चांदणं. पोराला शहाळं पाजलं म्हणून एका बाईला वॉर्डातून घालवून दिलं, अशी बायकांत बोलवा होती. आपल्याला घालवलं तर पोरीजवळ कोण? आणि फळाने कधी उचकी लागते का? "नाही," तो म्हणाला. "काही नाही दिलं."

दिवेलागणीच्या आधी तैनाराला झटका आला. हातपाय ताठ झाले, डोळे फिरले. तिला ढकलगाडीवर घालून धावत अतिदक्षता विभागात नेलं आणि दार त्याच्या तोंडावर बंद झालं. त्याने जासीराला फोन करून एवढंच सांगितलं, "पोर बरी नाही. ये." मग लेकीची चादर घ्यायला तो वॉर्डात परतला.

इगोर मशीनवरून आला होता. पांढराफटक, ओठांवर सालपटं. मार्लुसी डब्याचं झाकण उघडत होती. "हे बघ, तैनाराच्या बाबांनी काय दिलंय. चांदणी आहे, चांदणी."

करंबळाने असं होतं हे जेनिवाल्दोच्या कानी कधी पडलं नव्हतं. पण लेकीने आज दुसरं काहीच खाल्लं नव्हतं, आणि एवढा वेळ जे तो स्वतःला सांगत नव्हता ते त्या उघड्या डब्यात दिसत होतं. गप्प राहिला तर कुणाला कळणार नव्हतं. त्याने डब्यावर हात मारला. चकत्या फरशीभर झाल्या.

"वेड लागलं का तुम्हाला?" मार्लुसी म्हणाली.

"देऊ नका. माझ्या पोरीने खाल्लं तेच. मी खोटं बोललो."

गोंधळ ऐकून आलेल्या नर्सने फरशीवरची एक चकती उचलली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "करंबळ," ती म्हणाली आणि चकती मुठीत धरूनच पळत सुटली.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. मूत्रपिंडं धड असलेल्याला ते फळ काही करत नाही, त्या म्हणाल्या. ज्यांची धड नाहीत, त्यांच्या अंगातून त्यातलं विष बाहेरच पडत नाही, ते मेंदूवर चढतं. उचकी ही त्याची पहिली खूण. "दुपारी सांगितलं असतंत तर तेव्हाच मशीनवर घेतली असती. आता घेतोय. बघू."

मार्लुसी अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर त्याच्या शेजारी येऊन बसली. तिने त्याला दोष दिला नाही, धीरही दिला नाही. एकदा म्हणाली, "माझा वाचला," आणि मग आपण हे इथे बोललो याचीच तिला लाज वाटली.

उजाडता उजाडता तैनारा गेली. तिला स्वच्छ करून त्याला दाखवलं तेव्हा कपाळावर दोरा नव्हता. कुणीतरी काढून टाकला होता.

नगरपालिकेची गाडी आली तेव्हा तो आवारातल्या बाकावर बसला होता. जासीरा तान्ह्याला काखेत घेऊन उतरली, दुसऱ्या हातात फुगलेली पिशवी. "असा बाहेर का बसलायस? आत कोण आहे तिच्यापाशी?" तिला धाप लागली होती. "हे बघ, सगळी तोडून आणली. मीच चढले झाडावर. आई ओरडत होती, ओली बाळंतीण आहेस, पडशील म्हणून. म्हटलं, पोर हसली म्हणतोय ना तो."

त्याने तिला बसवलं आणि सांगितलं. पोर गेली हे आधी, मग फळ, मग उचकी, मग नर्सला काय म्हणाला तेही. काही गाळलं नाही. तान्हं रडू लागलं, जासीराने त्याला छातीशी घेतलं.

मग ती म्हणाली, "खाताना खरंच हसली होती का? का तेही खोटं?"

"हसली होती."

तिने तान्हं त्याच्या मांडीवर ठेवलं. समोरच्या दारातून आया आपली पोरं घेऊन ये-जा करत होत्या, एक मुलगा पिशवीकडे बघत थबकला होता. जासीराने पिशवी उचलली आणि कुणाच्या हाताला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी उराशी धरून ती तिथेच बसून राहिली.