तीन दरपत्रकं

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं कारखान्याच्या खरेदी विभागात काढली. साधा खिळा घ्यायचा तरी तीन दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, मग सही. नियम कारखान्याचा होता, पण जीव ह्यांचा जडला होता. माघारी सगळे ह्यांना 'तीनकागदे' म्हणायचे. निवृत्तीनंतर कारखान्याने ह्यांना घरी पाठवलं आणि सोबत तो नियमही आला.

निवृत्तीची रक्कम एकच आणि तिच्यावर डोळा दोघांचा. मी सतरा वर्षं रस्त्याकडेच्या एका भाड्याच्या खोलीत शिवणकाम करते. खोलीची मालकीण मुलीकडे कायमची राहायला निघाली होती. "वर्ष संपेपर्यंत तुमच्यासाठी थांबते," ती म्हणाली, "पुढे जो पैसे देईल त्याची खोली." मला ती हवी होती. दुपारचा उजेड कुठे पडतो आणि सुई खाली पडली तर कोणत्या फटीत जाते, हे मला डोळे मिटून सांगता येईल अशी दुसरी जागा नाही.

ह्यांना मात्र फ्यूचर्समध्ये डे ट्रेडिंग करायचं होतं. म्हणजे शेअरच्या पुढच्या महिन्याच्या भावावर सकाळी पैज लावायची आणि बाजार बंद व्हायच्या आत मोकळं व्हायचं. जवळ एक रुपया असला तर दहा रुपयांचा सौदा करता येतो, मग नफाही दहावर मिळतो, असं ह्यांनी मला समजावलं.

"आणि तोटा?" मी विचारलं.

"तोही," म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. "आधी दुप्पट करतो, मग तुझी खोली. शेजारचीही घेऊ, गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला."

मी भांडले असते तर ह्यांनी दुसऱ्याच दिवशी पैसे भरले असते, इतका हट्टी माणूस. म्हणून मी म्हटलं, "करा की. पण दरपत्रकं मागवलीत का?"

ह्यांचा चेहरा असा खुलला की मलाच वाईट वाटलं.

तीन ब्रोकर निवडले, प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं. जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. पहिल्याची दलाली कमी, पण सॉफ्टवेअर ऐन वेळी अडकायचं. दुसऱ्याचं चपळ, पण त्याला दरमहा भाडं. तिसऱ्याचं फुकट आणि इतकं रंगीबेरंगी, की ह्यांना विकायचं बटण सापडायला अर्धा तास लागला. तीन आठवड्यांत दुसऱ्याचं नाव जवळजवळ पक्कं झालं.

कप उचलता उचलता मी म्हटलं, "सौदा चालू असताना वीज गेली तर बाहेर कसं पडायचं, हे विचारलंय?"

नव्हतं विचारलं. तक्त्यात नवा रकाना आला, की तिघांनाही पुन्हा लेखी विचारायचं, हा नियम. त्यात महिना गेला.

मग मी थांबतेय कशाला. फोन किती वेळात उचलतात? बटण चुकून दोनदा दाबलं गेलं तर? किती तोटा झाला की सॉफ्टवेअर आपणहून सौदा तोडतं? खरं सांगते, मी मोडता घालायला विचारत होते आणि प्रत्येक प्रश्न ह्यांनी आणलेल्या पुस्तकांपेक्षा शहाणा निघत होता. "तू खरेदीत असायला हवी होतीस," हे म्हणाले. एवढं कौतुक माझं लग्नापासून झालं नव्हतं. ब्रोकरकडची माणसं आधी 'सर' म्हणायची, मग 'काका' म्हणायला लागली, शेवटी फोन उचलेनाशी झाली. ह्यांनी तक्त्यात त्याचीही नोंद केली.

आठव्या महिन्यात मी शेवटचा रकाना सुचवला. त्यांच्याकडे रोज सौदे करणाऱ्यांपैकी वर्षाच्या शेवटी नफ्यात किती जण असतात?

तिघांनीही तो कोरा ठेवला. कोरा रकाना म्हणजे दरपत्रक बाद. ह्यांनी तिन्ही कागदांवर लाल शाईने शेरा मारला, फाइल बांधली आणि दोन दिवस वर्तमानपत्रातलं बाजारभावाचं पान उघडलं नाही. मला मात्र नाचावंसं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चल, तुझी खोली घेऊन टाकू."

मी चपला शोधायला लागले.

"फक्त आणखी दोन खोल्यांची दरपत्रकं आण."

वर्ष संपायला नऊ दिवस होते आणि मालकिणीकडे एक झेरॉक्सवाला रोज फेऱ्या मारत होता. मी आवाज चढवला, रडूनही पाहिलं. "अगं, पंधरा दिवसांचं काम," हे शांतपणे म्हणाले, "आणि तुला तर आता सगळं येतं." आठ महिने मीच ह्या नियमाला खाऊपिऊ घालून गुबगुबीत केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मशीन बंद ठेवून मी दोन दरपत्रकं स्वतःच लिहिली. खोल्या खोट्या, मालक खोटे, भाव आमच्या खोलीपेक्षा चढे. एक डाव्या हाताने लिहिलं.

ह्यांनी दोन्ही कागद खिडकीपाशी नेऊन धरले. "दोन्हींवर तुझ्या शिवणाच्या निळ्या खडूचे, बोटांचे ठसे आहेत," म्हणाले. "एकतीस वर्षं मी असलेच कागद पकडत आलो."

"मग गेली खोली," मी म्हटलं. "मला स्वस्त नको, मोठी नको. सतरा वर्षं बसलेय तिथे. मला तीच हवीय हो."

ह्यांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. मग कपाटातून कारखान्याची जुनी नियमावली काढली. शेवटून दुसऱ्या पानावर एक कलम होतं: पुरवठादार एकच असेल आणि गरज तातडीची असेल, तर दरपत्रकांशिवाय खरेदी करता येते, कारण मात्र लेखी द्यावं. हे कलम ह्यांनी एकदाही वापरलं नव्हतं. बॉयलर फुटून कारखाना चार दिवस बंद होता, तेव्हाही नाही.

कोऱ्या कागदावर लिहायला बसले. कारणापाशी पेन बराच वेळ थांबलं. मग लिहिलं, 'मागणी आठ महिन्यांपूर्वीची आहे. उशीर पूर्णपणे खरेदी विभागाचा. दिलगीर आहे.' खाली सही केली.

तो उशीर कोणाचा होता हे घरात फक्त मला ठाऊक होतं आणि ते सांगायला मी तोंड उघडलंही. तेवढ्यात ह्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला, 'मागणी करणार' लिहिलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि मी मुकाट्याने सही केली.