बॉनेटखालचा पाना

२००३ सालच्या गणपतीत सावळीराम काकांची नवी गाडी शोरूमच्या फाटकातून बाहेर पडली. चाकाखालची लिंबं फुटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि हिरामणने सवयीने खिशाला हात लावला. दहा-अकराचा पाना खिशात नव्हता.

शोरूममध्ये टेक्निशियन आणि गावी सुरगाण्यात मिस्तरी म्हणवला जाणारा हिरामण तसा हातचं विसरणारा नव्हे. पण काका येवल्याचे कांदा व्यापारी. कंपनीचा हॉर्न त्यांना फारच सौम्य वाटला. ट्रकवाले ऐकणार नाहीत म्हणाले. नवा हॉर्न बसवून हिरामण बॅटरीची तार आवळत होता, तेवढ्यात मॅनेजर हर्षल साहेबांनी फोटोसाठी हाक मारली. पाना बॅटरीशेजारी ठेवून तो गेला. फोटोत छान हसलाही.

गाडी निघाली होती वणीच्या गडावर. आपल्याकडे नवी गाडी आधी देवीला दाखवतात, मग शेजाऱ्यांना. आता घाटात हादरे बसणार, पाना बॅटरीच्या दोन टोकांवर आडवा पडणार, मग ठिणगी. आणि गाडीत काका, त्यांची आई बायडाबाई, सून आणि पेढ्यांचा खोका. पुढचा विचार हिरामण दर वेळी पेढ्यांपाशीच थांबवत होता.

साहेबांना सांगणं हा सरळ मार्ग. पण पाडव्याला एकजण इंजिनात फडकं विसरला होता. साहेबांनी फडकं काढलं आणि पाठोपाठ त्यालाही. हिरामण दिवाळीला कायम व्हायचा होता, आणि ही बातमी सुरगाण्यात केव्हाच वाटून झाली होती. परस्पर काकांना फोन करावा, तर त्यांचा नंबर साहेबांच्याच टेबलावर.

त्याने दाढ दुखत असल्याचं सांगून सोबतच्या झुंबरची मोटारसायकल मागितली.

"दाढ दुखतीये तर खिसे काय चाचपतो?" झुंबरने विचारलं, पण किल्ली दिली.

दिंडोरीच्या पुढे रस्त्याकडेला बॉनेट उघडं टाकून उभी असलेली प्रत्येक गाडी त्याला काकांचीच वाटली. धूर दिसला की तो मोटारसायकल आणखी दामटे. जवळ गेलं की कुणीतरी मक्याची कणसं भाजत असे. काकांची गाडी सापडली ती घाटाच्या पायथ्याला, नांदुरीत चहाच्या टपरीसमोर, हारांसकट शाबूत.

"काय रे, काही राहिलं का?" काकांनी विचारलं.

इतका नेमका प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

"पूजा राहिली," तो म्हणाला. "बॉनेटची."

बॉनेट उघडलं. पाना घसरत घसरत तारेच्या टोकाला टेकायच्या बेतात होता.

"हे काय हाय?" बायडाबाईंनी विचारलं.

"पूजेचा पाना, आजी. गडाखालपर्यंत गाडीसोबत येतो. कुंकू लावलं की कंपनीचा माणूस परत नेतो."

बायडाबाईंनी पान्याला कुंकू लावलं, उरलेलं हिरामणच्या कपाळावर टेकवलं, आणि हल्लीच्या दुकानदारांना एवढी रीत कुठे असते, असं सुनेला सुनावलं. काकांनी पेढा दिला. तो त्याने दुखऱ्या दाढेनेच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. काकांचा फोन आला होता. त्यांनी दोन साडूंना हकीकत सांगितली होती आणि दोन्ही साडू आता इथूनच गाडी घेणार होते. साहेबांनी कसलीच चौकशी केली नाही. यशाची चौकशी करायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. कायम होण्याचं पत्र दिवाळीची वाट न बघता तिथल्या तिथे हाती पडलं. शिवाय इथून पुढे प्रत्येक नव्या गाडीत पाना ठेवायचा आणि हिरामणने मागोमाग जाऊन तो आणायचा, असं ठरलं.

"साहेब, पण पाना आत राहणं धोक्याचं असतं," हिरामण चाचरत म्हणाला.

"म्हणून तर तू मागे जातोस ना," साहेब म्हणाले.

दुपारीच पुढची गाडी निघाली. लिंबं फुटली, टाळ्या वाजल्या. मालकाने फाटकात काच खाली करून सांगितलं, की आमची कुलदेवी तुळजापूरची, रात्रीच पोचायचा बेत आहे.

झुंबरने काही न विचारता किल्ली पुढे केली.