शून्याची रेषा

म्हातारी एकतीस वर्षांची होती आणि एका चपट्या बाटलीत राहत होती. तिला दर तिसऱ्या दिवशी कोमट गुलाबी पाणी पाजावं लागे, सदतीस अंशांच्या कपाटात निजवावं लागे, आणि तिच्यासमोर कुणी शिंकलेलं तिला खपत नसे. प्रयोगशाळेत तीन साहेब येऊन गेले, दोनदा छत गळलं, एकदा चार दिवस वीज गेली; म्हातारी ढिम्म. मरण म्हणजे काय ते तिला ठाऊकच नव्हतं. तिचं कूळच तसं: आईकडून उंदीर, बापाकडून कर्करोग. उंदराच्या प्लीहेतल्या एका पेशीला रक्तातली एक विशिष्ट वाईट पेशी तेवढी ओळखता येत होती. तिचं लग्न पहिल्या साहेबांनी एका न मरणाऱ्या पेशीशी लावून दिलं आणि झालेल्या लेकरांतली एकच निवडून ठेवली. तिच्याच या कोट्यवधी लेकी, सगळ्या एका तोंडाच्या. प्रत्येकीला काम एकच येई: एकाच जातीची अँटिबॉडी गाळत बसायचं. ती अँटिबॉडी रक्तात सोडली की चांगल्या पेशींकडे ढुंकूनही बघत नसे. वाईट पेशी भेटली की गोचिडासारखी चिकटे. तिला चमकणारा रंग बांधलेला असे, आणि मशीन ती चमक मोजी. पुस्तकात याला मोनोक्लोनल म्हणतात. इथे सगळे म्हातारी म्हणत.

म्हातारीबद्दल जे सांगतात ते सगळंच खरं धरायला नको. पहिल्या साहेबांनी म्हणे निवृत्तीच्या दिवशी गंमत म्हणून स्वतःचं बोट टोचलं आणि म्हातारीने लाखात सात पेशी काढून दाखवल्या. साहेब हसले, म्हणाले, म्हातारी चळली. आठ महिन्यांनी साहेबांचा फोटो भिंतीवर लागला. दुसऱ्या साहेबांनी धसक्याने बोट टोचून घेतलंच नाही, तर म्हणे ते खोलीत आले की बाटलीच्या काचेवर वाफ धरायची. थापा असतील. पण एवढं खरं, की म्हातारी चुकली असं एकतीस वर्षांत कुणाला दाखवता आलं नव्हतं.

तिची उस्तवार करायची ताई. ताई म्हणजे कुणाची ताई हे विचारायची सोय राहिली नव्हती. शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत सगळ्यांचीच. मोठ्या बाई म्हणजे तिसऱ्या साहेब. पण सख्खी ताई ती एकाचीच होती. तिचा धाकटा भाऊ, ढोल्या. लहानपणी दारातून आडवा जायचा म्हणून ढोल्या. आता अंगावर हाडं तेवढी उरली होती, नाव मात्र वाळलं नव्हतं. समोरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या वॉर्डात तो होता. रक्ताचा तोच आजार, जो म्हातारी ओळखते. आईने जाताना त्याला ताईच्या ओटीत घातलं होतं, आणि ताईने ते ओझं पंचवीस वर्षं खाली ठेवलं नव्हतं.

आता सगळं जमत आलं होतं. औषधांनी ढोल्याचं रक्त स्वच्छ झाल्याचा रिपोर्ट आला होता. ताईच्या मूळपेशी त्याला तंतोतंत जुळत होत्या; जगातल्या सगळ्या याद्या चाळून दुसरं कुणी जुळलं नव्हतं. बुधवारी सकाळी आठला त्याला ते जहाल औषध सुरू व्हायचं, जे हाडांतली सगळी मज्जा जाळून टाकतं. एकदा जळली की परतीची वाट नाही. मग आठवड्याभरात ताईच्या पेशी त्याच्या अंगात सोडायच्या आणि त्यांनी तिथे नवा संसार मांडायचा. सोमवारी ताई रजा काढून सह्या करायला गेली. वॉर्डाचे चार जिने चढताना तिला तीनदा थांबावं लागलं. पोचल्यावर म्हणाली, या इमारतीचा जिना हल्ली उंच झालाय. ढोल्या म्हणाला, जिने वाढीच्या वयात असतात, दूध देऊ नका त्यांना.

त्या दिवशी मशीनवर नवी बसली. नवी म्हणजे आठ महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी. तिच्यानंतर कुणी लागलं नाही म्हणून अजून नवीच.

इथे या प्रयोगशाळेची एक रीत सांगायला हवी. मशीनच्या पडद्यावर पेशींची टेकडी उमटते. निरोगी रक्ताची टेकडी डावीकडे, अंधाऱ्या बाजूला. वाईट पेशी चमकतात, त्यांची टेकडी उजवीकडे. दोहोंच्या मध्ये एक उभी रेषा मारायची. तिच्या डावीकडचं सगळं शून्य, उजवीकडचं ते दुखणं. पण रेषा नेमकी कुठे मारायची? त्यासाठी आधी एक निरोगी रक्त चालवून बघावं लागतं. पहिल्या साहेबांनी नियम घालून दिला होता: ज्याचा हात, त्याचं रक्त. मशीनवर बसेल त्याने सकाळी स्वतःचं रक्त काढायचं, ट्यूबवर ‘निरोगी’ लिहायचं, त्याची टेकडी जिथे संपते तिथे रेषा मारायची. एकोणीस वर्षं ते रक्त ताईचं होतं. ढोल्या येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगे, आमची ताई शून्य आहे, कागदोपत्री, सहीशिक्क्यानिशी.

सोमवारी ते रक्त नवीचं होतं. आणि सोमवारी नऊ रुग्णांपैकी सात, जे आदल्या आठवड्यात स्वच्छ होते, ते वाईट निघाले.

मंगळवारी सकाळी ताई आली तेव्हा मोठ्या बाई नवीला फैलावर घेत होत्या. ट्यूब नीट धुतल्या नसतील, रंग शिळा असेल, हात थरथरला असेल. ताईनेही दोन शब्द सुनावले. आठ महिने झाले, अजून पिपेट धरता येत नाही का. मग बाही वर केली, रक्त काढलं, रेषा मारली आणि नऊच्या नऊ नमुने पुन्हा चालवले. सगळे स्वच्छ. मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला. नवीचं तोंड एवढंसं झालं. पण ती जागची हलली नाही. मोठ्या बाई फोनवर बोलायला बाहेर गेल्या तेव्हा ती खालच्या आवाजात म्हणाली,

“ताई, एकदाच तुमची ट्यूब माझ्या रेषेवर चालवून बघता?”

तोंड बंद करायला म्हणून ताईने चालवली.

पडद्यावर टेकडी उमटली. डावीकडून नेहमीसारखी चढली, माथ्यावर आली, उतरली. आणि उतरता उतरता नवीच्या रेषेपलीकडे पायथ्याशी थबकली. तिथे एक टेंगूळ होतं. छोटंसं, गुबगुबीत, वर्गात उशिरा येऊन शेवटच्या बाकावर गुपचूप बसलेल्या पोरासारखं.

ताईने ट्यूब बदलली. रंग बदलला. म्हातारीची ताजी बाटली काढली. मशीन धुतलं, पुन्हा धुतलं. टेंगूळ हललं नाही. 

मग तिने कपाटातून मागच्या चौदा महिन्यांचे स्वतःचे कागद काढले आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक चिकटवले. मागून ऊन येत होतं. पहिल्या महिन्यात रेषा जिथे होती, तिथून दर महिन्याला ती केसभर उजवीकडे सरकली होती. सरकवणारा हात तिचाच. दर वेळी पाचसहा पेशींचे ठिपके रेषेपलीकडे सांडलेले दिसायचे, आणि ताई म्हणायची, आज मशीनचा मूड नाही; की रेषा घ्यायची थोडी पुढे. निरोगी माणसाचे ठिपके रेषेपलीकडे जातीलच कसे? म्हणजे रेषाच चुकली असणार. जसा जिना उंच झाला होता, तशीच.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. ताईचं रक्त जसजसं नासत गेलं, तसतसं शून्य तिच्याबरोबर चालत गेलं. आणि तिच्याइतकी वाईट माणसं तिच्या सहीने बरी ठरून घरी गेली.

तिने सगळ्यात आधी चारशे सतरा नंबरची ट्यूब काढली. नमुन्यांवर नावं नसतात, पण हा नंबर तिला झोपेतही पाठ होता. ढोल्याचं रक्त. गुरुवारी तिनेच त्याला स्वच्छ म्हटलं होतं. नवीच्या रेषेवर ते स्वच्छ नव्हतं. मग चारशे अठरा: मूळपेशी देणाऱ्याचा नमुना. हा गुरुवारी अगदी निर्दोष निघाला होता आणि ताईने आनंदाने दोन कप चहा प्याला होता. आता तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. त्या सकाळी तिने स्वतःलाच स्वतःशी मोजलं होतं. फरक शून्य येणार नाही तर काय?

घड्याळात साडेअकरा झाले होते. बुधवारचे आठ वाजायला साडेवीस तास.

मोठ्या बाई परत आल्या. खिडकीवरचे कागद त्यांनी पाहिले, पण समजायचं तेवढंच समजून घेतलं. म्हणाल्या, कळलं काय झालंय ते, क्लोन बिघडलाय, आता कशालाही चिकटायला लागलाय. पुढचं मात्र ताईच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या.

“एकतीस वर्षं झाली, म्हातारी भ्रमिष्ट झाली. टाकून द्या. आत्ताच टाका. तुमच्या भावाचं उद्याचं ठरलेलं कशाला बिघडवायचं?”

किती सोपं होतं. ब्लीचची बाटली सिंकखालीच होती. म्हातारीला चमचाभर पाजलं की झालं. सगळ्यांचा विश्वास बसला असता, कारण सगळ्यांना तो ठेवायचा होता. उद्या ठरल्याप्रमाणे सगळं झालं असतं. ढोल्याची मज्जा जळली असती, आणि तिथे ताईने आपल्या पेशी पाठवल्या असत्या, टेंगळासकट. आणि नाही म्हटलं, तर दुसरं जुळणारं कुणी नव्हतंच. रिपोर्ट पाठवला तर ढोल्याच्या हाती काय उरणार, तेही तिला पाठ होतं. असे रिपोर्ट तिने एकोणीस वर्षं टाइप केले होते.

ताईने कपाट उघडलं. बाटली बाहेर काढून उजेडात धरली. गुलाबी पाण्याच्या तळाशी म्हातारी पसरली होती, तृप्त, कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखी. तिला नातं कळत नाही. पहिले साहेब कळले नाहीत, ताई कळली नाही, ढोल्या कळला नाही. कळतं ते एकच, आणि तेवढं ती बरोबर सांगते. मग ताईला भिंतीवरचा हसरा फोटो दिसला आणि वाटलं, या खोलीत म्हातारी चळली असं म्हणणारी आपण पहिली नव्हे.

“म्हातारी मेल्याचं दुःख नाही, बाई,” ती म्हणाली. “काळ सोकावतो.”

तिने बाटली परत आत ठेवली आणि दार लावलं. दोन रिपोर्ट छापले, चारशे सतरा आणि चारशे अठरा, आणि दोन्हींवर सही केली. मग नवीला म्हणाली, चौदा महिन्यांचे सगळे नमुने शीतकपाटातून काढायला घे, तुझ्या रेषेवर, आज वॉर्डातल्यांपासून सुरुवात कर. नवीने किती आहेत विचारलं. दोनशे अकरा. मोठ्या बाई खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत.

चार जिने. ताई पाच वेळा थांबली आणि या खेपेला जिन्याला काही बोलली नाही. वॉर्डातल्या डॉक्टरांना आधी भेटली. त्यांनी कागद दोनदा वाचले, मग तिच्याकडे पाहिलं, तसं ते आजवर फक्त रुग्णांकडे बघत. खुर्ची पुढे सरकवली. उद्याचं औषध थांबवायचा निरोप त्यांनी तिच्यासमोरच दिला. तुम्हीही आता घरी जाऊ नका, म्हणाले.

ढोल्या उशीला टेकून बसला होता. केस गेल्यापासून त्याचे कान मोठे दिसत. ताईचा चेहरा बघून त्याने विनोद गिळला, आणि हे त्याला जन्मात पहिल्यांदाच जमलं. ताईने सगळं सांगितलं, रेषेपासून. त्याने ऐकून घेतलं. मग कागद मागितले, मांडीवर शेजारी शेजारी ठेवले.

“यातला माझा कुठला?”

ताईने बोट ठेवलं.

“आणि हा तुझा.” तो दोन्ही कागदांवरून बोट फिरवत म्हणाला. लहानपणापासून लोक म्हणत आले होते, दोघं एका साच्यातली. “सारखेच आहेत की गं.”

ताईने मान हलवली. माझ्यामुळे तुझं, असं काहीतरी ती म्हणायला गेली. ढोल्याने हात वर करून तिला थांबवलं आणि पायांकडची रिकामी जागा थोपटली.

“बस आधी. तुला वाटलं जिन्याबद्दल मला कळलं नाही? फेब्रुवारीपासून मोजतोय. तेव्हा एकदाच थांबायचीस.”

ती बसली. बाहेर नर्स शेजारचा रिकामा पलंग ढकलत आणत होती. त्याचं एक चाक कुरकुरत होतं. खिडकीतून समोरच्या इमारतीतली प्रयोगशाळेची खिडकी दिसे. काचेला अजून कागद लावलेले होते, त्यांच्यामागे नवी उभी होती. तिने बाही वर केली, दंडाला पट्टा बांधला, मूठ आवळली आणि दुसऱ्या हातात सुई घेतली. सुई टोचायच्या आधी ती किंचित थांबली आणि स्वतःच्या शिरेकडे बघत राहिली. ताईने तिला असं थांबलेलं याआधी कधी पाहिलं नव्हतं.