जगमेंदरच्या हातची नळी

माझ्या धाकट्या भावाची मुलगी सरोज रोहतकला दवाखान्यात कामाला आहे. तंबाखू सोडणाऱ्या माणसाला किती त्रास होतो, तो मोजायचं तिचं काम. दूध मोजतात, जमीन मोजतात. त्रासही मोजतात हे मला ती कागद घेऊन आली तेव्हा कळलं.

"ताऊ, मी जे विचारीन, त्याला आकड्यात उत्तर द्यायचं. काहीच त्रास नसेल तर शून्य, सोसवत नसेल तर चार."

"विचार."

"हुक्क्याची तलफ येते?"

"शून्य."

"चिडचिड होते?"

"शून्य."

आतून माझी बायको भतेरी ओरडली, "चार लिही गं!"

"शून्य म्हटलं ना!" मी गरजलो.

"ऐकलंस? चारच लिही."

मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. डॉक्टरनं छातीचा फोटो दाखवला, त्या दिवशी चिलीम उपडी केली ती केलीच. झोप, भूक, डोकेदुखी, सगळ्याला मी शून्य सांगितलं. सरोजनं पेन खाली ठेवलं.

"मग बैठकीत का जात नाही तुम्ही? दिवसभर घरात बसून भिंतीशी भांडता म्हणे."

पोरगी हुशार आहे. माझं दुखणं तिच्या कागदावर नव्हतंच.

आमच्याकडे एखाद्याला वाळीत टाकायचं तर त्याचा हुक्का बंद करतात. म्हणून कुणी पुढे केलेली नळी नाकारली, तर तुझं-माझं संपलं, एवढाच त्याचा अर्थ. जगमेंदर माझा लहानपणचा दोस्त. त्याच्याशी माझी कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून जुंपली होती. दुसऱ्या दिवशी मिटलंही. पण त्याच आठवड्यात मी हुक्का सोडला. बैठकीत, म्हणजे गावचे पुरुष हुक्क्याभोवती जमतात तिथे, त्यानं नळी माझ्याकडे वळवली आणि मी हात जोडले.

"पाण्यावरून एवढं मनात धरलंस?" तो म्हणाला.

"अरे, डॉक्टरनं बंद केलाय."

"डॉक्टरला बरी माझीच नळी दिसली!"

तेव्हापासून तो रामराम करत नाही. लहानपणी एका थाळीत जेवलेलो आम्ही. परवा माझी म्हैस व्याली, तरी खरवस मागायला फिरकला नाही. फार लागलं मला ते. एक झुरका मारला की सगळं सुरळीत होईल, असं रोज वाटायचं. डॉक्टरनं दाखवलेला छातीचा फोटो आठवला की पाय मागे यायचा.

सरोजला हे सगळं सांगितलं आणि बोलता बोलताच मला फौजेतली मेजवानी आठवली. न पिणारे जवानही पेला उचलायचे, कपाळाला लावायचे आणि खाली ठेवायचे. त्यांना कुणी कधी नावं ठेवली नाहीत.

"उद्या जातो बैठकीत," मी म्हणालो.

"आणि झुरका मारलात तर?"

"सुभेदार आहे मी, पोरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी सरळ जाऊन जगमेंदरच्या शेजारी बसलो. त्यानं दोन झुरके मारले आणि मला ओलांडून नळी पलीकडच्याकडे वळवली.

"जगमेंदर, नळी इकडे."

त्यानं नळी थांबवली. मी ती दोन्ही हातांनी घेतली. गुळाच्या तंबाखूचा वास नाकात शिरला आणि तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला सांगू. नळी कपाळाला लावली आणि त्याच्याकडेच परत फिरवली.

"तुझ्या हातची नळी मी नाकारत नाही. मरेपर्यंत नाकारणार नाही. धूर तेवढा तू घे."

जगमेंदर नळी हातात धरून बसून राहिला. ओढेचना. मग त्याला खोकल्याची उबळ आली, चांगली लांबलचक.

"दरयाव," दम लागला होता त्याला, "मलाही डॉक्टरनं होळीलाच सांगितलंय, सोड म्हणून."

"मग सोडला का नाहीस?"

"कसा सोडणार? तुझी नळी नाकारली असती तर तुला काय वाटलं असतं?"

"अरे गाढवा!" मी म्हणालो. माझे डोळे भरून आले होते.

त्यानंही नळी कपाळाला लावली आणि पुढे दिली. मी तिथूनच सरोजला फोन लावला.

"तुझ्या कागदात एक प्रश्न वाढव. तुम्ही कुणासाठी ओढता?"

जगमेंदरनं माझ्या हातातून फोन हिसकावला. "माझं उत्तर आधी लिही, पोरी. या तुझ्या ताऊसाठी ओढत होतो." मग फोन माझ्याकडे देत म्हणाला, "चल, ऊठ आता. खरवस ठेवलाय ना माझ्या वाटचा?"