हात दिसेनासे झाले तेव्हा

मित्रांनो, २०१६ साली माझ्या पडद्यावर काळोखाचा एक तुकडा उतरला. मी एक जुना लॅपटॉप आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपल्या नशिबी कचेरीतली पत्रं लिहिणं आहे. पण आलो एका पुस्तकं बांधणाऱ्या बाईंच्या घरी, आणि तिथे जे पाहिलं त्याने थक्क झालो.

बाईंना आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दोघी हातांनी बोलत. धाकटी दूरच्या गावी राहायची. दर रविवारी ती माझ्या पडद्यावर यायची आणि दोघींचे हात सुरू व्हायचे. थट्टा, रुसवे, शेजारणीच्या नकला, सगळं दहा बोटांत. आवाज कसला तो नाही, तरी त्या खोलीइतकी बडबड मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही.

मग तो काळोख आला. पडद्याच्या खालच्या भागात, बशीएवढा, नेमके धाकटीचे हात दिसत तिथे. चित्र लहान करून वरच्या कोपऱ्यात नेलं, तर बोटं इतकी बारीक झाली की बाईंच्या थकलेल्या डोळ्यांना ती ओळखू येईनात. धाकटीचं गुरुवारी मोठं ऑपरेशन होतं. त्या रविवारी तिने काहीतरी विचारलं. बाईंना कळलं नाही. तिला आणखी त्रास नको म्हणून त्यांनी नुसती मान डोलावली. धाकटीचा चेहरा खुलला. बाईंना मात्र जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळीच बाई आणि त्यांची लेक मला दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेल्या. काकांनी मला दुसरा पडदा जोडला. तिथे चित्र स्वच्छ. "डोकं शाबूत आहे याचं," ते म्हणाले. मग त्यांनी माझा पडदा निरखला आणि डागावर विजेरी धरली. काळोखाखाली चित्र होतंच. त्याच्या मागचा उजेड तेवढा पोचत नव्हता.

काकांनी काच अलगद उचलली. मित्रांनो, माझ्या आत काय आहे ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तळाशी तांदळाच्या दाण्यांएवढ्या दिव्यांची रांग, आणि तो उजेड सगळीकडे सारखा पसरवणारे कागदासारखे पातळ पापुद्रे. एवढासा उजेड, आणि त्यात एक अख्खी बहीण मावत होती.

त्यातला एक पापुद्रा पाण्याने डागळून सुरकुतला होता.

"याला अंघोळ कुणी घातली?" काकांनी विचारलं.

"कुणी नाही हो. आई माझ्यापेक्षा यालाच जास्त जपते," म्हणत लेकीने तो प्रश्न हातांनी आईपुढे ठेवला.

बाईंनी हळूच आपला तळवा वर धरला. भेटल्या भेटल्या दोघी बहिणी पडद्याला तळवा टेकवत. खळीने चिकट झालेला हात मला लागू नये म्हणून बाई तो आधी धुवायच्या, आणि पुसायलाही न थांबता माझ्याकडे धावायच्या.

या मापाचा पापुद्रा मिळायला तीन आठवडे लागतील, असं काकांनी सांगितलं. एका मोठ्या, निकामी पडद्यातला होता त्यांच्याकडे, पण केसभर वाकडा कापला गेला की तोही वाया. लेकीने ते आईला सांगितलं. बाईंनी हात पुसले, दोनदा. पिशवीतून पोलादी पट्टी आणि सुरी काढली. चाळीस वर्षं कागद कापलेला तो हात प्रत्येक कडेवरून एकदाच फिरला. पापुद्रा जागच्या जागी बसला.

"मावशी," काका म्हणाले, "मी आजवर उगाच स्वतःला कारागीर म्हणवून घेत होतो."

संध्याकाळी धाकटी दिसली, हातांसकट. ते हात म्हणाले, "येतेस ना गुरुवारी? शुद्धीवर येईन तेव्हा तूच समोर हवीस. तू हो म्हणालीस तेव्हापासून मी शांत आहे."

बाईंचे हात म्हणाले, "रविवारी मला दिसलंच नव्हतं गं. आज दिसलं. उद्याच निघते."

तेव्हा मित्रांनो, आम्हाला कोरड्या हाताने हाताळा. आणि समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर मान डोलावू नका, पुन्हा विचारा.

काका दोन वर्षांनी वारले. लेक आता ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवते आणि धडे माझ्यावर लिहिते. धाकटी बरी झाली, ती बाईंसोबतच राहायला आली. रोज संध्याकाळी दोघी समोरासमोर बसतात. मधे मी लागत नाही.