आग्रहवाली

पानावर बसलेल्या माणसानं दुसऱ्याच्या पानाला हात लावू नये, एवढी साधी रीत. ती कोइमतूरला सोनं-चांदी आटवायचं, गलाईचं दुकान चालवणाऱ्या, दहा मुलखाचं पाणी प्यायलेल्या जावयाला कळू नये, याचा लीलाबाईला मनस्वी संताप आला होता. धोंड्याचा महिना. जावयाला मानानं विट्याला बोलावलेलं. बाई चुलीपाशी तूप कढवत होती तेवढ्या वेळात या गड्यानं ताटापुढं बसून तिचा टॅब उघडला आणि पत्त्यांच्या खेळातली तिची दोन पानं मोडून टाकली.

"मोडली म्हंजी?" लीलाबाईच्या हातात तुपाची वाटी तशीच राहिली.

"आटवली, मामी," मानसिंग हसत म्हणाला. "कुलूपवाली दोन. मोडली की त्याची पूड येती, पुडीतनं नवी पानं करायची. आमच्या धंद्यातलंच हाय की. जुना डाग आटवायचा, नवा घडवायचा."

"गिऱ्हाइकाला इचारून आटवतासा का त्याच्या गळ्यात हात घालून?"

रेश्मानं ओठ दाबून हसू गिळलं. ती लीलाबाईची एकुलती लेक, आणि खेळातलं खातं तिच्याच नावचं. तीन वर्षांपूर्वी लीलाबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बाई खाटेला खिळली, तेव्हा रेश्मानं तिला टॅबवरचा हा पत्त्यांचा खेळ शिकवला. लीलाबाईची शाळा दुसरीत सुटलेली. पानांवरचं इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, पण आकडे कळत आणि चित्रं तर एकदा बघितली की कायमची डोक्यात बसत. तिनं पानांची बारशी स्वतःच केली. समोरच्याचे सगळे शिपाई एका फटक्यात साफ करणारी ती केरसुणी. शिपायाला जागच्या जागी थिजवणारं ते कुलूप. जीव भरून देणारा तो काढा. आणि सगळ्यात शेवटी, दमानं चालत येणारा एकच रेडा. तीस पानांचा कॅट, मायलेकींनी दोन वर्षं जुळवलेला. घाई कुठंच नाही. समोरच्याला नाचू द्यायचं, दमू द्यायचं, मग रेडा सोडायचा.

महिन्यापूर्वी खेळात नव्या पानांचा भरणा झाला आणि लीलाबाई हरायला लागली. ओळीनं सात डाव. नवे शिपाई उतरल्या उतरल्या मारत सुटायचे. केरसुणी हातात येईस्तोवर निम्मा जीव गेलेला असायचा. सात डाव हरली, पण तिनं एकही पान बदललं नाही. नुसती बघत राहिली. नवी सून घरात आली की पहिले आठ दिवस बघायचंच असतं, कुठं उठते, कुठं बसते, कुणावर डाफरते.

मानसिंगचं म्हणणं वेगळं होतं. "मामी, तुमचा कॅट मेला. व्हिडिओत सगळी तेच सांगत्यात. नव्या पानांपुढं दमाचा खेळ टिकत न्हाई. ही सगळी आटवू, रेश्माला माझ्यासारखा जलद कॅट करू. दिवाळीला जोडीचे सामने हायत, आमी दोघं उतरतो."

"तुला खेळायचंय का गं जलद?" लीलाबाईनं लेकीला विचारलं.

"मला कुणी इचारलंच न्हाई," रेश्मा म्हणाली.

शेजारची शालूबाई धोंडे लाटायच्या मदतीला आली होती. ती उंबऱ्यातनं म्हणाली, "आता गं बया! पत्त्यावरनं सासू-जावई भांडत्यात, आयकलं न्हाई कवा."

"भांडत न्हाई, शालू. खेळतोय." लीलाबाईनं वाटी खाली ठेवली. "पावणं, तुमचा मोबाईल काढा. एक डाव. तुमी जितला तर माझी सगळी पानं तुमी आटवा, मी डोळ्यांत पाणी आणनार न्हाई. मी जितली तर कॅट राहील तसा राहील."

"बघा हं मामी, मागनं जावयाच्या नावानं बोटं मोडायची न्हाईत."

"तुमी तेवढं जेवा आधी."

मानसिंग जेवला. म्हणजे त्याला जेवावं लागलं. पाच धोंडे खाऊन त्यानं ताटावर आडवा हात धरला, तर लीलाबाईनं बोटांच्या फटीतनं सहावा सोडला. सातवा रेश्माच्या नावानं, आठवा शालूबाईच्या. आठवा तर त्याला धड गिळवेना आणि टाकवेना. घास तोंडात धरून तो भिंतीकडं बघत बसला.

तोवर लीलाबाई टॅबशी बसली. कॅटात अठ्ठावीसच पानं. दोन कमी असली की खेळ सुरूच होत नाही. नव्या भरण्याबरोबर फुकटची काही पानं आली होती, ती ती बोटानं सरकवत गेली आणि एका चित्रावर थांबली. तसली दोन पानं होती. डोक्यावर पदर घेतलेली एक जाडजूड बाई, हातात पळी, समोर काठोकाठ भरलेलं ताट.

"ही कोण?"

रेश्मानं वाचलं. "आई, हे नगं. हे टाकलं की समोरच्याला दोन पानं जास्तीची मिळत्यात. त्याचाच फायदा. सगळी हसत्यात ह्या पानाला."

"हातात धाच पानं मावत्यात न्हवं गं?"

"धा. अकरावं आलं तर जागा न्हाई म्हणून जळून जातं."

लीलाबाई चित्राकडं बघत राहिली. मग एकदा दाराआड डोकावून जावयाकडं बघितलं. "दोन्ही घाल," ती म्हणाली. "हिचं नाव आग्रहवाली."

डाव माजघरात सुरू झाला. मानसिंग भिंतीला टेकून, पट्टा सैल करून बसला होता. त्याचे शिपाई पहिल्याच फेरीत उतरले, दुसरीत मारायला लागले. तीस जीवांवरनं लीलाबाई वीसवर आली, मग चौदावर. पडद्याच्या कडेला वेळ दाखवणारी वात जळत असते. लीलाबाई प्रत्येक फेरीला ती वात शेवटच्या ठिणगीपर्यंत जळू द्यायची आणि मग पान टाकायची.

"मामी, टाका की! झोप यायला लागली."

"मग झोपा. मी जितल्यावर उठवते."

पाचव्या फेरीला केरसुणी आली. मानसिंगचे चार शिपाई एका दमात साफ. तो हसला आणि आणखी तीन उतरवले. बाईनं एक काढा घेतला, पुढच्या फेरीला दुसरी केरसुणी मारली. पट पुन्हा मोकळा.

आता मानसिंग हसला नाही. त्यानं एकच शिपाई उतरवला. पुढच्या फेरीला एकही नाही.

"आवं, हातात पानं हायत की तुमच्या," रेश्मा म्हणाली.

"तू गप. तिसरी केरसुणी असंल तिच्याकडं. गजराज येऊ दे, मग बघ." गजराज म्हणजे नव्या भरण्यातलं सगळ्यात मोठं पान. त्या एका पानासाठी त्यानं तीन आठवडे घालवले होते. एका धडकेत डाव संपवायचा.

लीलाबाई त्याच्या पडद्याकडं बघत नव्हती. तिच्या पडद्यावर त्याची पानं पाठमोरी दिसायची आणि ती ती मोजत होती. सहा. सात. आणखी एक फेरी, आठ. मग नऊ. बाप्या धरून बसला होता. घास तोंडात धरलेल्या माणसासारखा, गिळवेना आणि टाकवेना.

तिनं पहिली आग्रहवाली टाकली.

"मामी!" मानसिंग खदाखदा हसला. "मलाच पानं दिलीसा व्हय?"

"घ्या की. पावणं हायसा."

एक पान त्याच्या हातात आलं, दहा झाली. दुसरं वर चमकलं, सोनेरी कड, वर केलेली सोंड, आणि सगळ्यांच्या देखत भुर्रकन जळून राख झालं.

मग शालूबाईनं विचारलं, "हत्ती जळला का गं त्यो?"

"जळला," रेश्मा म्हणाली. आणि तिला हसू आवरेना.

मानसिंगची फेरी आली तसं आपोआप येणारं पानही जळलं. आता मात्र त्याचा धीर सुटला. हात मोकळा करायचा म्हणून त्यानं भराभर पाच शिपाई ओतले. लीलाबाईनं वात शेवटापर्यंत जळू दिली आणि तिसरी केरसुणी फिरवली. त्यानं घाबरून उरलेली पुन्हा धरून ठेवली, फेरीमागनं फेरी, आणि हात पुन्हा नऊवर आला तशी तिनं दुसरी आग्रहवाली वाढली. पुन्हा एक जळलं. थोड्या वेळानं त्याचा कॅटच संपला. पान उचलायला नसलं की दर फेरीला आपलाच जीव कमी होतो, एक, मग दोन, मग तीन. तेवढ्यात दमानं चालत रेडा पटावर आला. लीलाबाईचे नऊ जीव शिल्लक होते. रेड्याला तीन धडका पुरल्या.

मानसिंगनं मोबाईल पालथा ठेवला. "फुकटचं पान," तो पुटपुटला. "व्हिडिओत कुणीच सांगितलं न्हाई."

"आई," रेश्मा हळूच म्हणाली, "त्या पानाला मी नगं म्हणले हुते, तुला कसं कळलं गं?"

"मला पानाचं काय कळतंय? माणूस कळतोय." लीलाबाईनं टॅब मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि जावयाकडं तोंड केलं. मानसिंग सावरून बसला.

"आयका, पावणं. खेळ तुमचा वाईट न्हाई. पहिल्या चार फेऱ्या तुमी मला घाम आणला, खोटं कशाला बोलू? पण दोनदा झाडून काढलं की तुमी भ्यालासा. नवी पानं घेऊन भ्यायचं, तर नवी घ्यायची कशाला? माझा कॅट मेला न्हाई, त्याला दोन नव्या पानांची जागा हवी हुती, ती तुमच्याच हातनं झाली, तेवढं पुण्य तुमचं. दिवाळीला रेश्मा तुमच्या जोडीनं खेळंल का न्हाई, ते रेश्माला इचारा, ती हितंच बसलीया. आणि माझ्या पानाला पुन्हा हात लावायचा झाला तर आधी मला इचारायचं. मी न्हाईच म्हणणार हाय. पर इचारायचं."