डेलियामावशीचा सलगम

टेबलावर चार सलगम, एक भोपळा, पाच सारख्या मेणबत्त्या आणि दोन वाकलेले चमचे होते. चमचे डेलियामावशीने सलगम कोरताना वाकवले होते. आयर्लंडमधल्या मेयोतल्या आमच्या समुद्रकाठच्या गावात हॅलोविनला चौकातल्या भिंतीवर वर्षानुवर्षं तिचाच, कोरलेल्या सलगमाचा कंदील असायचा. भटकी भुतं त्याला बघून वाट बदलतात, असं म्हणत. यंदा बॉस्टनहून आलेल्या माझ्या मामेभावाने, फिंटनने, भोपळा आणला होता आणि निम्मं गाव त्याच्या बाजूला झालं होतं.

"आत्या, हात कशाला मोडून घेतेस? भोपळा कसा लोण्यासारखा कापला जातो."

"तुझ्या पणजोबांना तिकडे सलगम मिळेना, म्हणून त्यांनी भोपळ्यावर भागवलं. इथे काय दुष्काळ पडलाय?"

शेवटी ठरलं, दोन्ही कंदील भिंतीवर ठेवायचे. जो जास्त वेळ जळेल, तोच यापुढे चौकात. घड्याळ माझ्याकडे दिलं.

फिंटनने भोपळ्याला भलंमोठं हसरं तोंड कोरलं आणि ते समुद्राकडे वळवलं. मावशीने सलगमाची भिंत बोटभर जाड ठेवली, तोंडाला बारीक फट पाडली आणि त्याची पाठ समुद्राकडे केली.

"एवढा जबडा वासून वाऱ्याशी गप्पा मारणार का रे तो?"

"बघशील, आत्या."

सहा वाजता दोन्ही पेटवले. भोपळा अकरा मिनिटांनी विझला. सलगम तीन तास चाळीस मिनिटं जळला.